आजाराचे स्वरूप: हृदयविकार

हरेश, तुला हृदयविकार होता हे मला गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी कळलं. कंपनीच्या वकिलांनी तसं लेखी दिलं आहे. तुला जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते, त्यामुळे तुला विचारून खात्री करून घेता आली नाही. ‘मयत कामगार मागील सात वर्षांपासून हृदयविकाराने ग्रस्त होता. त्याच्या मृत्यूचा कारखान्यातील वायुगळतीशी संबंध नाही.’ नलिनीवहिनींनी लावलेल्या भरपाईच्या दाव्याला हे उत्तर. पुरावा म्हणून तुझी वैद्यकीय बिलं जोडली आहेत, एकोणीस. प्रत्येक बिलासोबतच्या अर्जावर ‘आजाराचे स्वरूप’ असा रकाना असतो. एकोणीसही अर्जांवर त्या रकान्यात एकच शब्द आहे, आणि तो माझ्या अक्षरात आहे.

गेलेल्या माणसाविषयी लिहायचं तर तो मनमिळाऊ, सदा हसतमुख आणि दुसऱ्याच्या मदतीला धावणारा असावा लागतो. तू यातला फक्त शेवटचा होतास, तोही कुरकुरत. शोकसभेत मात्र तुला तिन्ही करून टाकलं. कँटीनमध्ये फ्लेक्स लावला होता, त्यावर कंपनीचं बोधचिन्ह तुझ्या चेहऱ्याच्या दुप्पट. फोटो गेटपासवरचा. कुणीतरी आता ओरडणार आहे अशा नजरेनं तू त्यात बघतोयस. ‘हरेश्वरजी आमच्या परिवाराचे अविभाज्य घटक होते,’ असं एचआरच्या साहेबांनी सांगितलं. परिवार हा शब्द त्या कँटीनमध्ये एरवी पगारवाढ नाकारताना वापरतात. दोन मिनिटांचं मौन पाऊण मिनिटात उरकलं, कारण जनरल शिफ्टची बस उभी होती. मग चहा आणि समोसा. तू ज्या दोघा कंत्राटी कामगारांना गळतीतून बाहेर काढलंस, त्यातला रामसूरत हातात समोसा धरून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाबूजी, खाया नहीं जा रहा. फेंक दूँ तो बुरा मानेंगे क्या?” सगळ्या सभेत मला श्रद्धांजली वाटावं असं तेवढं एक वाक्य झालं.

सात वर्षांपूर्वी तू माझ्या टेबलाशी पहिलं बिल घेऊन आलास. तू शिरगावच्या मच्छीमाराचा मुलगा, बोट सोडून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रिअ‍ॅक्टर चालवणारा. मी अकाउंट्समध्ये बसून औषधांची बिलं पास करणारा. तुझ्या अर्जावर आजाराच्या रकान्यात तू लिहिलं होतंस, ‘जीव घाबरणे’.

“हे काय लिहिलंय?”

“होतंय ते लिवलंय.”

“होतंय ते लिहायचा रकाना नाही हा. पास होईल ते लिहायचा आहे.”

या वाक्याचा मला पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता. डबा खाताना मी ते इतरांनाही ऐकवत असे, तुझं नाव न घेता. मी वाचणारा माणूस, चार शब्द चटपटीत बोलता येतात, आणि कारकुनाला त्याहून अधिक काही येण्याची गरज नसते.

कंपनीच्या यादीत मूळव्याध होती, मोतीबिंदू होता, सर्पदंशसुद्धा होता. मनाचा आजार नव्हता. आणि अर्जाची एक प्रत कारखान्याच्या डॉक्टरांकडे जायची. हे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन, पोस्टात तिकिटांवर शिक्के मारावेत तसे माणसांवर ‘फिट’चे शिक्के मारत. त्यांनी तुझं ‘जीव घाबरणे’ वाचलं असतं तर तुला धोक्याच्या कामाला अपात्र ठरवून गोदामात ड्रम मोजायला बसवलं असतं. प्लांटचा भत्ता गेला असता, ओव्हरटाइम गेला असता. म्हणून मी तुझा अर्ज फाडला आणि नवा लिहायला लावला: ‘छातीत दुखणे’. पुढच्या वर्षी हेड ऑफिसच्या तपासनिसानं शेरा मारला, दुखणे हे निदान नव्हे. तेव्हा मी तुझे जुने अर्ज काढून ‘छातीत दुखणे’ पुसलं, प्रत्येकावर स्वतःच्या हातानं ‘हृदयविकार’ लिहिलं, आणि नव्या अर्जांवरही लिहीत राहिलो. शाईसुद्धा जुळवून घेतली. तुला विचारलंही नाही.

त्यानंतर कंपनीनं तुझ्यावर जो खर्च केला, तो बघून कुणालाही वाटावं, काय काळजी घेतात माणसाची. हाताला मुंग्या आल्या, छाती आवळली, आता जीव जातो असं वाटलं की तुला बोईसरच्या इस्पितळात न्यायचं. कार्डिओग्राम, एको, पट्ट्यावर पळवणं, एकदा तर अँजिओग्राफी. सगळं पास. सगळ्यांचे निष्कर्ष स्वच्छ. तू ते रिपोर्ट फाडून खाडीत टाकायचास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, “नॉर्मल लिवलंय त्याच्यावर. म्हंजे मी नाटकं करतो, असंच ना?”

तुझ्या हृदयात काहीच नाही हे पुन्हा पुन्हा बघायला कंपनी हजारो रुपये देत होती. ज्या गोळीनं तुला खरोखर बरं वाटायचं, तिला मात्र एक रुपया नाही. त्या एका अँजिओग्राफीच्या रकमेत तुझ्या गोळ्या किती दिवस आल्या असत्या, हे मी एकदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. तुझ्या निवृत्तीच्या पलीकडे गेलो आणि कॅल्क्युलेटर बंद केला. या कारभाराला आमच्याकडे खर्चावर नियंत्रण म्हणतात आणि ते ठेवणाऱ्याला दिवाळीत चांदीचं नाणं मिळतं.

खरा खर्च तुझ्या घरात होत होता. बिनपगारी रजा. दोनदा नाकारलेलं शिफ्ट इनचार्जचं पद, कारण इनचार्जला रोज सकाळी वीस माणसांसमोर उभं राहून बोलावं लागतं. “मला नको ती खुर्ची, मोकळा बरा,” असं तू सांगत फिरलास आणि लोकांनी तुला निरिच्छ ठरवलं. दोन्ही पगारांतला फरक वहिनींना पैशापर्यंत पाठ होता. शिवाय भगताचा कोंबडा झाला. तांब्याचं कडं झालं. तुझ्याच सुपरवायझरनं साखळी पद्धतीनं विकलेलं ऊर्जेचं लॉकेट झालं. ते घातल्यावर तुझ्या गळ्याला पुरळ आलं आणि त्याचं मलम मी त्वचारोगाखाली पास केलं. तो एकच खरा अर्ज.

मग पालघरचे ते मनाचे डॉक्टर. त्यांच्याच मजल्यावर दातांचा दवाखाना होता, म्हणून तू दर महिन्याला ‘दाताला’ जायचास. बत्तीसच्या बत्तीस शाबूत असलेला आणि दातांनी बेजार म्हणून तुमच्या सरावलीत प्रसिद्ध असलेला तू एकटाच माणूस. शेजारणी वहिनींना लवंग आणून द्यायच्या. त्या डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी तुझ्या हृदयाचे सगळे रिपोर्ट बोईसरहून मागवले, नीट पाहिले, झेरॉक्स काढून फाइलला लावले. त्यानंतर तू नवे रिपोर्टही आधी त्यांना दाखवायचास आणि मगच फाडायचास. गोळ्या स्वस्त होत्या. पण गोळ्यांबरोबर आठवड्याला एकदा येऊन बोलायचं असं त्यांनी सांगितलं, आणि तिथे तू अडलास. जाण्यात अर्धा दिवस, वर फी. चार वेळा गेलास.

“बोलायचे पैसे? आमच्या शिरगावात बाया मासळी निवडताना फुकटात बोलतात, नि थांबत पन नाय.”

“त्या तुझं ऐकून घेतात का?”

“नाय. पन पैसे पन घेत नाय.”

नंतर गोळी अर्धी करून खायला लागलास. बरं वाटलं की बंद. बंद केलं की पुन्हा बोईसर, पुन्हा कार्डिओग्राम, पुन्हा माझं अक्षर.

कंपनीनं तणावमुक्तीचं शिबिर घेतलं होतं, आठवतंय ना? फुग्यांची कमान होती. गालाला माइक चिकटवलेला एक तरुण पुण्याहून आला होता. चिंता ही आपण केलेली निवड आहे, असं तो म्हणाला आणि आपल्याला एकमेकांच्या खांद्यावर थोपटायला लावलं. मग विचारलं, “तुमच्यापैकी कुणाला तणाव आहे? हात वर करा.” पहिल्या रांगेत साहेब बसले होते. एकही हात वर गेला नाही. तो इतका खूष झाला की, “याला म्हणतात सकारात्मक संस्था,” असं म्हणून त्यानं टाळ्या वाजवायला लावल्या. तू शेवटच्या रांगेत होतास, अर्धी गोळी खिशात. टाळ्या तूही वाजवल्यास. त्याच्या मानधनाचं व्हाउचर माझ्याकडूनच गेलं, कर्मचारी कल्याण या सदरात. तुझ्या कित्येक वर्षांच्या गोळ्या त्या एका दुपारी फुग्यांसकट फुटल्या.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. शिरगावच्या किल्ल्याजवळ आपण रविवारी बसायचो, तिथे ते नेहमी सुरू व्हायचं. तू म्हणायचास, “माझा बाप वाऱ्यात पन बोट दर्यात घालायचा. त्याला कुनी गोळी नाय दिली.” मी म्हणायचो, तुझा बाप बोट काढण्याआधी बारा वेळा आभाळ बघायचा, त्याला अनुभव म्हणतात आणि तू दोनदा व्हॉल्व्ह बघतोस त्याला आजार. तुझ्या भीतीमुळेच तो प्लांट धड चाललाय. कारखान्यात चालू असलेलं सुरक्षेचं एकमेव यंत्र म्हणजे तू. हे ऐकून तू एकदा खरोखर चिडलास. “तुला बोलायला गंमत वाटते,” म्हणालास. “जेवताना घास खाली जात नाय तवा ये बघायला.” मी गप्प बसलो नाही, आणखी एक विनोद केला. तुझं बरोबर होतं, हरेश. दुसऱ्याच्या दुखण्यातून आपला चांगला विचार निघाला की आपण त्या दुखण्याच्या प्रेमात पडतो. पण माझंही थोडं बरोबर होतं. रिअ‍ॅक्टरच्या जोडातल्या झिजलेल्या गॅस्केटबद्दल तू शिफ्टच्या रजिस्टरात तीनदा लिहिलं होतंस, ‘बदलणे जरूर’. तिन्ही वेळा खाली मेंटेनन्सचा शेरा आहे, ‘पाहिले’. पाहिले, एवढंच.

गळतीच्या दुपारी तेच गॅस्केट गेलं. रामसूरत सांगतो की सगळे ओरडत होते आणि हरेश भैया अजिबात ओरडले नाहीत. व्हॉल्व्ह बंद केला, त्याच्या कॉलरला धरून त्याला ढकललं, मग आत परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मास्क एकच होता, तो तू त्या दुसऱ्याला दिलास. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आल्यावर तुझे हात थरथरले नाहीत म्हणे. मला हे ऐकून बरं वाटलं नाही. मला वाटलं, एवढ्या वेळा उगाच घाबरलास, तर त्या दिवशी एकदा घाबरून पळायचं होतंस.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात तू ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलंस. शेवटचं काही सांगशील असं वाटलं. तू म्हणालास, “त्या डॉक्टराचा नाव इथं काढू नको. प्राचीचा लगीन व्हायचाय.” मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी तू गेलास. फुप्फुसात पाणी झालं होतं, पण दाखल्यावर मरणाचं कारण ‘हृदयक्रिया बंद पडून’. हृदयक्रिया बंद न पडता मेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वकिलांना मात्र तेवढं पुरलं. दाखल्यात हृदय, बिलात हृदय, आणि मधे माझं वळणदार अक्षर.

उत्तर आलं त्या मंगळवारी मी तुमच्याकडे सरावलीला गेलो. वहिनी मांदेली साफ करत होत्या. बोईसरचं इस्पितळ आता दुसऱ्यांनी घेतलंय, जुने रिपोर्ट त्यांच्याकडे नाहीत, हे मी सांगितलं. तुझं हृदय ठणठणीत होतं याचा कागद जगात एकाच ठिकाणी उरलाय, पालघरच्या त्या फाइलीत. ती बाहेर काढली तर दावा उभा राहील. पण मग ती कशाची फाइल आहे हेही सगळ्यांना कळेल. आणि तुला दिलेला शब्द मी मोडेन.

“तुम्हाला ठाऊक होतं ना, तो दाताला जात नव्हता ते?” मी विचारलं.

“भावजी, गोळ्या पचनाच्या बाटलीत ठेवायचे. मी मोजायची. अर्धी राहिली का मला कळायचा, आता चार दिसांत बोईसर.” त्यांनी पाणी बदललं. “ते होते तवर मी संबाळला त्यांचा गुपित. आता ते नाय. गुपित कोनाच्या कामाचा हाय?”

प्राची दारात उभी होती. तिच्यासाठी डहाणूकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, तुलाही ते पसंत होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “काका, माझ्याकडे बघून काही ठरवू नका. पप्पांनी तेच केलं.”

वारसाच्या सहीशिवाय फाइल देता येणार नाही, असं पालघरचे डॉक्टर म्हणाले. वहिनींनी तिथेच सही केली. दोन दिवसांनी एचआरच्या त्याच साहेबांनी वहिनींना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. समोर काजू ठेवले होते. “वहिनी, कंपनी तुमच्या पाठीशी आहे,” ते म्हणाले. दावा मागे घेतला तर सहानुभूती म्हणून काही रक्कम मिळेल, आणि प्राचीला पॅकिंगमध्ये घेता येईल. रक्कम त्यांनी कागदावर लिहून पुढे सरकवली. त्यांनाही तोंडानं उच्चारायला संकोच वाटावा एवढी ती लहान होती.

मी सांगितलं की त्या अर्जांवरचा शब्द खोटा आहे, तो मी लिहिलाय, आणि खरे रिपोर्ट आता आमच्याकडे आहेत. साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुमचे किती महिने राहिलेत निवृत्तीला?”

“चौदा.”

“हं.” मग ते वहिनींकडे वळले. “म्हणजे मानसिक रुग्ण आमच्या रिअ‍ॅक्टरवर काम करत होता, असं तुम्हीच म्हणताय. मग गळती कुणाच्या हातून झाली, हेही आम्हाला नव्यानं बघावं लागेल.”

ही धमकी येणार हे मी रात्रंदिवस घोकत होतो आणि तिला द्यायला दोन-तीन धारदार उत्तरंही तयार ठेवली होती. त्यांची गरज पडली नाही. वहिनी म्हणाल्या, “बघा ना, साहेब. सात वर्सं ते घाबरत होते, नि तुमच्या रजिस्टरात तीनदा लिवून ठेवला त्यांनी. न घाबरनारे काय करत होते, ते पन लिवा.” काजूची बशी त्यांनी हातानं मागे सरकवली आणि उठल्या.

प्रतिज्ञापत्र मी दिलं. त्यात स्वतःविषयी एकही चटपटीत वाक्य नाही, हे तुला वाचायला आवडलं असतं. खोट्या नोंदी केल्याबद्दल कंपनीनं माझ्यावर चौकशी लावली आहे; एवढ्या वर्षांत तिथे लागलेली ही पहिली रास्त चौकशी. ग्रॅच्युइटी अडकेल असं दिसतंय. तुझी माफी मागायची तर शब्द मोडल्याबद्दल मागणार नाही. पहिल्या दिवशी तू स्वतःच्या हातानं खरं लिहून आणलं होतंस, ते मी फाडलं, त्याबद्दल मागतो. तेव्हा तो अर्ज तसाच वर पाठवला असता तर नामंजूर झाला असता, तुला गोदामात टाकलं असतं, तू मला शिव्या दिल्या असत्यास आणि आज कदाचित ड्रम मोजत असतास. दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही, आणि जे छातीठोक सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

हे सगळं छापायला वहिनींनी परवानगी दिली आहे. प्राचीनंही दिली. तिनं त्याआधी एक काम केलं. कागद बाहेर फिरण्याअगोदर डहाणूच्या त्या लोकांना स्वतःच फोन लावला. मी तिथेच बसलो होतो. मुलाच्या आईनं फोन घेतला. पप्पांना काय होतं, किती वर्षं होतं, कोणत्या गोळ्या चालू होत्या, सगळं प्राचीनं एका दमात सांगितलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग त्या बाईंनी विचारलं, “तो डाक्टर पालघरला कुठं बसतो?”

त्यांच्या यजमानांना म्हणे बँकेत जायचं नाव काढलं की घाम फुटतो आणि छातीत धडधडतं. गेली तीन वर्षं ते हृदयाच्या डॉक्टरांकडे जात आहेत, काही सापडत नाही. प्राचीनं पत्ता दिला, जिना कुठून आहे तेही सांगितलं. लग्नाचं त्या एवढंच म्हणाल्या की घरात बोलून कळवतो. फोन ठेवता ठेवता मात्र त्यांनी तिला दोनदा बजावलं, आम्ही विचारलं हे कुणाला सांगू नकोस हं. प्राचीनं तसा शब्द दिला, आणि मी इथे त्यांच्या गावाचं नाव बदललंय. खरं नाव तुला ठाऊक आहेच, आणि तू तर कधीच कुणाला काही सांगितलं नाहीस.